कात्रपची वीज आणि सायबर सुरक्षेचा पैसा

बदलापूर पूर्वेच्या कात्रपला वीज पुरवणारी महावितरण २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या विभाजनातून निघाली. तेव्हा धास्ती गळतीची आणि भारनियमनाची होती, संगणकी हल्ल्याची नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता मांडली. केंद्राने मानवी चुकीवर बोट ठेवले. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नियम आले, पैशाची बाजू मात्र लंगडी. अमेरिकेने त्याच वर्षी ग्रामीण सहकारी आणि नगरपालिकांच्या छोट्या वीजसंस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी २५ कोटी डॉलर वेगळे काढले. भारतातील २०२१ च्या सुधारित वितरण योजनेचा भर मुख्यतः स्मार्ट मीटर आणि वाहिन्यांवर राहिला. जाळ्याला जोडलेला प्रत्येक नवा मीटर राखणीचे कामही वाढवतो.