एका शिलालेखाचें शुद्धिपत्र

यवतमाळच्या नैर्ऋत्येस दिग्रस आणि दिग्रसच्या पश्चिमेस वाशीम, अशीं हीं वऱ्हाडांतील तीन गांवें. अजिंठ्याच्या एका शिलालेखाचा चुकलेला पाठ सुधारण्यास जो पुरावा लागला, तो वाशीमास मिळाला. आणि तो विद्वानांपुढें मांडण्याचा मान यवतमाळच्या शारदाश्रमाकडे जातो. दिग्रस या दोहोंच्या वाटेवर आहे. विद्वानांच्या नियतकालिकांत छापून गेलेली चूक कशी दुरुस्त होते, हें पाहण्यास या टापूइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर, डाव्या बाजूच्या भिंतीवर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें हें लेणें कोरविलें. लेखांत त्यानें आपल्या धन्याची वंशावळ दिली आहे. परंतु पाऊस व वारा यांनीं कित्येक अक्षरें पार झिजून गेलीं आहेत. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख प्रथम वाचून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं आणि 1883 सालीं डॉ. ब्यूलर यांनीं तो पुन्हा संपादिला. ब्यूलर हे आपल्या काळचे अग्रगण्य पंडित. तथापि झिजलेलें अक्षर वाचतांना मनुष्य आपल्याला आधींच ठाऊक असलेल्या नांवाकडे ओढला जातो. वाकाटकांचे जे ताम्रपट तोंवर उजेडांत आले होते, ते एकाच शाखेचे होते. म्हणून अजिंठ्याच्या ओळींतही त्याच शाखेचे राजे दिसूं लागले. हरिषेण हा त्या मुख्य घराण्याचाच शेवटचा वारस ठरला, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ इतिहासाच्या पुस्तकांतून तीच वंशावळ उतरत गेली.

यांत कोणाचा लबाडीचा हेतु नव्हता. पण परिणाम असा झाला कीं, एक संपूर्ण राजवंश इतिहासांतून नाहींसा झाला. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, ही एका स्वतंत्र राज्याची राजधानी होती, याची नोंदच कोठें उरली नाहीं. राजशेखरानें काव्यमीमांसेंत विदर्भांतील वत्सगुल्माचें नांव आदरानें घेतलें आहे. परंतु तें नगर कोणत्या राजांचें, या प्रश्नास उत्तर नव्हतें.

उत्तर 1939 सालीं मिळालें. वाशीम येथें विंध्यशक्ति नांवाच्या वाकाटक राजाचा ताम्रपट हातीं आला. दान वत्सगुल्माहून दिलेलें, राज्यवर्ष 37, वंशावळीचा भाग संस्कृतांत आणि दानाचा भाग प्राकृतांत. शारदाश्रमाचे यशवंत खुशाल देशपांडे यांनीं डी. बी. महाजन यांच्यासह त्याच वर्षीं कलकत्त्याच्या भारतीय इतिहास परिषदेंत तो मांडला. त्यांत विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन व आजा पहिला प्रवरसेन असें स्पष्ट होतें. प्रवरसेनाचे चारही पुत्र राजे झाले, असें पुराणें सांगत होतींच. त्यांपैकीं दुसऱ्या एका पुत्राचें नांव आतां तांब्यावर वाचावयास मिळालें.

नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हा पुरावा घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. जेथें मुख्य शाखेचीं नांवें वाचलीं गेलीं होतीं, तेथें सर्वसेन आणि विंध्यसेन हीं नांवें असल्याचें त्यांनीं दाखविलें. हा विंध्यसेन म्हणजेच वाशीमच्या ताम्रपटांतील विंध्यशक्ति. नवा पाठ 1941 सालीं हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याच्या मालेंत निघाला. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा ठरला. आणि सोळाव्या लेण्याच्या कर्त्याचा स्वामी वाशीमच्या गादीचा होता, हें सिद्ध झालें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण मूळ लेख जागच्या जागीं उभा होता. पुरालेखांच्या नियतकालिकांची रीत याच जाणिवेंतून घडली आहे. एपिग्राफिया इंडिकामध्यें वाचनाबरोबर मूळ लेखाचा ठसा छापीत असत, म्हणजे संपादकाचा शब्द वाचकाला अक्षरशः पडताळून पाहतां येई. शिवाय खंडाला दुरुस्त्यांची व पुरवणीची यादी जोडलेली असे. चूक होणारच, हें गृहीत धरूनच हा मार्ग आंखलेला आहे.

चूक उघडपणें कबूल करण्याची चालही जुनी आहे. 1756 सालीं बेंजामिन विल्सन यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत लायडनच्या विद्युत्प्रयोगाविषयींचें आपलें पूर्वीचें मत मागें घेतल्याचें जाहीर केलें. आजचे नियम अधिक बांधेसूद आहेत. प्रकाशननीतीच्या आंतरराष्ट्रीय समितीनें 2009 सालीं घालून दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें किरकोळ चुकीस शुद्धिपत्र पुरतें; निष्कर्षच अविश्वसनीय ठरला, तर लेख मागें घ्यावा, मग चूक प्रामाणिक असो वा लबाडीची. मात्र लेख नष्ट करावयाचा नाहीं. त्यावर खूण करून, तो कोणीं व कां मागें घेतला, हें सांगावयाचें. हें वेळेवर न झाल्यास काय होतें, तें ‘लॅन्सेट’च्या उदाहरणावरून दिसतें. लशीचा संबंध मुलांच्या आत्ममग्नतेशीं जोडणारा 1998 चा लेख त्या साप्ताहिकानें पूर्णपणें मागें घेतला तो 2010 सालीं. मधल्या बारा वर्षांत कित्येक आईबापांच्या मनांत लशीची धास्ती बसली.

ब्यूलर 1898 सालींच निवर्तले होते. त्यांना स्वतःची चूक सुधारण्याची संधि मिळाली नाहीं. त्यांचा 1883 चा ग्रंथ मागें घेण्याचें कारणही नव्हतें. त्यांतील पुष्कळ काम अजून उपयोगाचें आहे. परंतु छापील ग्रंथाची उणीव अशी कीं, दुरुस्ती दुसऱ्या खंडांत राहते आणि चूक आपल्या पानावर तशीच बसून असते. ग्रंथालयांत जुनाच खंड हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्याला तें पान कोणताही इशारा देत नाहीं. तो इशारा देण्याचें काम पुढच्या अभ्यासकाचें. मिराशींनीं 1963 सालीं वाकाटकांचे सर्व लेख एका ग्रंथांत आणून तें पार पाडलें. वत्सगुल्माच्या राजांना आपली गादी परत मिळण्यास जवळजवळ पंधरा शतकें लागलीं. त्यांतलीं शेवटचीं साठेक वर्षें मात्र केवळ एका चुकलेल्या वाचनापायीं गेलीं.