साल आणि खाडा

मागच्या वर्षी पुण्यातली नोकरी सोडताना नोटीस पिरियडचे नऊ दिवस कमी पडले आणि कंपनीने तेवढा पगार कापला. माझी तक्रार कापण्याबद्दल नव्हती, भागाकाराबद्दल होती. कापताना महिन्याच्या पगाराला २२ ने भागलं होतं आणि शिल्लक रजांचे पैसे देताना ३० ने. एकाच एक्सेल शीटमध्ये माझा दिवस घेताना महाग आणि देताना स्वस्त.

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी हे सांगितलं तर बाबा हसले. "म्हंजे खाडाच की!"

माझे आजोबा, आबा, सालदार होते. आमच्याकडे सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. काही उचल आधी, थोडी ज्वारी, पोळ्याला कपडे, बाकीचा हिशोब शेवटी. मधे न आलेला दिवस म्हणजे खाडा. तो वहीत मांडला जाई, पण कापताना सालाच्या रकमेला दिवसांनी कोणी भागत नसे. त्या हंगामात बाहेरच्या मजुराचा जो रोज चालू असेल, तो कापायचा. समजा साल १ लाखाचं आहे. ३६५ ने भागलं तर दिवस २७४ रुपयांचा. खाडा पेरणीत पडला आणि रोज ४०० असला तर सव्वाशेचा फटका. रात्री ओलिताला गेलेला जास्तीचा वेळ मात्र वहीत कुठेच नसे.

आणि ३६५ हा आकडाही माझाच, शाळेतला. पाडवा ते पाडवा मोजून बघा. २ एप्रिल २०२२ ते २२ मार्च २०२३ हे साल ३५४ दिवसांचं. त्यानंतरचं, अधिक श्रावणाचं, ९ एप्रिल २०२४ ला संपलं: ३८४ दिवस. तेच १ लाख पहिल्या साली दिवसाला २८२ आणि दुसऱ्या साली २६० पडतात. (हे मी रात्री बसून दहा ओळींच्या प्रोग्रॅमने काढलं.) १९ वर्षांत ७ अधिक मास येतात, तेव्हा लांबच्या हिशोबात सगळं बरोबर होतं. पण १९ वर्षं एकाच मालकाकडे कोण राहतं?

कायद्याने हा प्रश्न पगारदारांसाठी सोडवला आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. त्यातल्या १५ दिवसांच्या पगारासाठी महिना ३० चा धरायचा की २६ चा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८० मध्ये दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने २६ मान्य केले, कारण आठवड्याची सुट्टी पगारातच धरलेली असते. १९८७ मध्ये संसदेने तो आकडा कायद्यातच लिहिला. एकदोन माणसांवर चालणाऱ्या शेताला हा कायदा लागूच होत नव्हता.

आबांचा दिवस सुटा झाला तो वेगळ्याच वाटेने. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामं निघाली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आबा पाझर तलावाच्या कामावर लागले. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर, म्हणजे भरवशाची नव्हतीच. पण आठवड्याचा पैसा हातात येई. पुढच्या पाडव्याला ते मालकाच्या ओसरीवर गेले नाहीत. सालदारकीची त्यांची अकरा वर्षं तिथे संपली.

आता आमची चार एकर आहे आणि बाबा स्वतः सालदार ठेवतात. खाडे वहीत मांडतात आणि चालू रोजाने कापतात. मी त्यांना ३५४ आणि ३८४ दाखवले.

"मंग आखूड साली मी कमी देतो का?" ते म्हणाले. "साल म्हंजे साल. त्यात दिवस कोन मोजते?"

"खाडे मोजता ना."

ते काही बोलले नाहीत. १९ मार्च २०२६ चा पाडवा ते ७ एप्रिल २०२७ चा पाडवा हे साल अधिक ज्येष्ठाचं, पुन्हा ३८४ दिवसांचं. त्याची रक्कम ठरवताना मी ओसरीवर होतो. बाबांनी आकडा सांगितला, सालदाराने मान हलवली. मग बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि धोंड्याच्या महिन्याचे म्हणून दोन हजार वर लिहिले. माझ्या हिशोबाने आठ हजारांच्या वर व्हायला हवे होते.