आईचा भरवसा आणि बीबीसीचे डॉक्टर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील बालसंगोपनावर घड्याळाची सत्ता होती. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली बाळांच्या आरोग्यासाठी प्लंकेट सोसायटी स्थापन करणारे डॉ. ट्रुबी किंग यांची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनला पोचली. दूध ठरल्या वेळीच पाजायचे, रात्री पाजायचे नाही, मूल रडले म्हणून लगेच उचलायचे नाही. स्वच्छता आणि स्तनपान यांचा तिचा आग्रह बाळांच्या हिताचाच होता. परंतु रडणाऱ्या बाळाला जवळ घ्यावेसे वाटणे हाच आपला दोष, असे आयांना वाटू लागले. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या पुस्तकात लाड करण्याविरुद्ध याहून कडक ताकीद दिली.

सप्टेंबर १९३९ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने शहरांतील लाखो मुले गावोगावी हलवण्यात आली आणि आईवडिलांचा उरलासुरला धीरही खचला. या स्थलांतरित मुलांसाठी ऑक्सफर्डशरमध्ये काम करणारे डॉ. डोनाल्ड विनिकॉट हे लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ. या रुग्णालयात ते मेजाच्या कडेवर धातूची चकचकीत, काटकोनात वाकवलेली पट्टी ठेवत. जीभ दाबून घसा तपासण्याची ही पट्टी बाळाच्या सहज हाती लागेल अशी असे. बाळ आईच्या मांडीवर बसलेले. ते हात पुढे करी, थबके, डॉक्टरांकडे आणि आईकडे पाही. या घटकेला आईने मदत करायची नाही, एवढीच सूचना. थोड्या वेळाने तोंडाला लाळ सुटे, पट्टी हातात येई आणि मग तोंडात जाई. १९४१ च्या निबंधात विनिकॉट यांनी ही निरीक्षणे मांडली. आईने घाई केली नाही, तर मूल आपली वाट स्वतः काढते, हे तिला इथे डोळ्यांनी दिसत असे.

हीच दृष्टी त्यांनी रेडिओवर नेली. १९४३ ते १९६२ या काळात बीबीसीवर त्यांची पन्नासच्या आसपास भाषणे झाली. त्यांतील १९४९-५० च्या मालिकेच्या निर्मात्या होत्या इसा बेंझी. काय करावे हे सांगण्यास विनिकॉट यांनी नकार दिला आणि हेच या भाषणांचे खरे मोल. बाळाला कसे धरावे याचे धडे न देता, आई ते आधीच कसे नीट धरते आणि त्याने बाळाला काय मिळते, हे ते उलगडून सांगत. डॉक्टर आणि परिचारिका यांनी स्तनपानात नको तितकी ढवळाढवळ करू नये, असेही त्यांचे ठाम म्हणणे होते. आई निर्दोष असण्याची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झाले, हा विचार त्यांच्या १९५३ च्या निबंधात आला. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचे १९४६ चे पुस्तकही पालकांना स्वतःवर विश्वास ठेवा म्हणत होते, मात्र ते व्यवहारी सल्ल्यांनी भरलेले होते.

विनिकॉट यांची ही भाषणे १९६४ मध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकातून सामान्य वाचकांपर्यंत गेली. त्यात वडिलांवर एक प्रकरण आहे. बाकी भर आईवरच आहे. त्यामुळे धीर मिळाला तोही मुख्यतः आईला, आणि मुलाची जवळजवळ सारी जबाबदारीही तिच्याच पदरात राहिली.