पाहणारे डोळे

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरोघरी आशीर्वाद देत फिरत असताना एका घराच्या ओसरीवर मी क्षणभर थबकलो. आत संध्याकाळची रोझरी नुकतीच आटोपली होती. आजी माळ डबीत ठेवत होत्या आणि आठ-नऊ वर्षांचा नातू टीव्हीसमोर बसून मारामारीचे दृश्य पाहण्यात रंगून गेला होता. पडद्यावर एक मनुष्य उंचावरून कोसळला, त्याचे डोके फुटले आणि मुलगा खळखळून हसला. त्याच्या आईने संकोचून आवाज कमी केला व म्हणाली, "फादर, तसा तो वाईट नाही हो. आणि हे सगळे खोटेच असते ना?"

मुलगा खरोखरच वाईट नव्हता. प्रार्थना म्हणून, घरावर पवित्र पाणी शिंपडून मी निघालो. परंतु ते हसणे मनातून जाईना. 'खोटेच असते' हे उत्तर आपण सारेच देतो आणि त्यात तथ्यही आहे. पडद्यावरचा मनुष्य मेलेला नसतो. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चित्रपटात काम करतो. पण रक्त खोटे असले तरी पाहणाऱ्याचा आनंद खोटा असतो काय? ख्रिस्तसभेला हा प्रश्न काही पडद्याचा शोध लागल्यावर पडलेला नाही. ज्या काळी खेळातील रक्त खरे होते, त्या काळी तिने तो प्रथम विचारला. त्या इतिहासाकडे वळून पाहणे आपल्या हिताचे ठरेल.

अंत्यविधीतून करमणुकीकडे

रोम शहरातील तलवारबाजांची पहिली नोंदलेली लढत इ.स.पू. २६४ मधील आहे. ब्रूटस पेरा नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचे निधन झाले, तेव्हा त्याच्या पुत्रांनी पित्याच्या सन्मानार्थ गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. म्हणजे आरंभी हा खेळ नव्हता. तो मृतासाठी केलेला विधी होता. पुढे मते मिळवू पाहणाऱ्या पुढाऱ्यांनी तो उचलला आणि त्यानंतर सम्राटांनी तो आपल्या हाती घेतला. आपण भरवलेल्या आठ महोत्सवांत सुमारे १०,००० माणसे लढली, असे सम्राट ऑगस्टसने आपल्या कार्याच्या वृत्तांतात अभिमानाने नोंदवून ठेवले आहे. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने कलोसियमचे उद्घाटन केले, तेव्हा १०० दिवस खेळ चालले. इतिहासकार डिओ सांगतो की, त्या वेळी ९,००० प्राणी मारले गेले. पुढे ट्राजनच्या काळी १२३ दिवसांचा उत्सव झाला आणि त्यात १०,००० तलवारबाज उतरले.

दिवसाची आखणी ठरलेली असे. सकाळी श्वापदांची शिकार, दुपारी गुन्हेगारांना देहदंड आणि त्यानंतर तलवारबाजांच्या झुंजी. पुढच्या रांगांत सिनेटचे सभासद, वर सामान्य नागरिक आणि अगदी वरच्या ओळींत स्त्रिया व गुलाम. सुमारे ५०,००० प्रेक्षक तेथे मावत. ही माणसे राक्षस नव्हती. ती मुलाबाळांची, व्यापारधंदा करणारी, देवदेवतांना भिऊन वागणारी माणसे होती. सायंकाळी घरी जाऊन ती कुटुंबासह जेवत असत.

या खेळांचा पाहणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे सर्वप्रथम ख्रिस्ती लोकांच्याच ध्यानात आले असे नव्हे. तत्त्वज्ञ सेनेका एकदा दुपारच्या वेळी सहज विरंगुळा म्हणून तेथे गेला. चिलखत नाही, ढाल नाही, नुसती कत्तल चाललेली त्याने पाहिली. आपण परतलो ते अधिक क्रूर होऊन, आणि ते माणसांच्या सहवासामुळे, असे त्याने मित्राला लिहिले. इ.स. ५९ मध्ये पोंपेई नगरात तर खेळ रिंगणाबाहेर आला. पोंपेई आणि शेजारचे न्यूसेरिया येथील प्रेक्षक प्रथम एकमेकांना टोमणे मारू लागले, मग दगड उचलले गेले, मग शस्त्रे निघाली. अनेकांचे मुडदे पडले. सिनेटने पोंपेईत असे मेळावे भरवण्यास दहा वर्षे बंदी घातली. या दंगलीचे एक भित्तिचित्र पोंपेईत सापडले असून ते नेपल्सच्या संग्रहालयात आजही पाहता येते.

कार्थेजमधील एक दिवस

७ मार्च २०३ रोजी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात सम्राटपुत्र गेटा याच्या वाढदिवसानिमित्त खेळ होते. त्या दिवशी रिंगणात आणलेल्यांत पर्पेतुआ ही बावीस वर्षांची तान्ह्या मुलाची माता आणि फेलिसिता ही गुलाम स्त्री होती. फेलिसिता तुरुंगातच नुकतीच बाळंत झाली होती. मिस्साच्या पहिल्या युखरिस्तिक प्रार्थनेत या दोघींची नावे आपण आजही ऐकतो.

त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तांत त्याच काळात लिहिला गेला. त्यातील दोन बारकावे आपण सहसा लक्षात घेत नाही. दोघींना विवस्त्र करून, जाळ्यात गुंडाळून पुढे आणले, तेव्हा एक कोवळी तरुणी आणि दुसरी ओली बाळंतीण पाहून गर्दी शहारली. त्यांना परत नेऊन वस्त्रे घालण्यात आली. म्हणजे त्या गर्दीला दया येत होती! परंतु ती टिकली नाही. थोड्याच वेळात सातुरुस नावाच्या हुतात्म्याला चित्त्याने चावा घेतला आणि तो रक्ताने न्हाला, तेव्हा त्याच लोकांनी स्नानगृहात एकमेकांना शुभेच्छा देतात तशी आरोळी ठोकून त्याची थट्टा केली. शेवटी, जखमी हुतात्म्यांचा वध एका बाजूस होणार होता, तर प्रेक्षकांनी त्यांना मध्यभागी आणण्याची मागणी केली. का? वृत्तांतकार म्हणतो की, तलवार शरीरात शिरत असताना आपल्या डोळ्यांनाही त्या हत्येत भागीदार करून घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती.

डोळे भागीदार होतात. या विषयावर ख्रिस्ती परंपरेने पुढे जे काही सांगितले, त्या साऱ्याचे सार या एका निरीक्षणात आहे.

'शास्त्रात कोठे मनाई आहे?'

त्याच सुमारास आणि त्याच कार्थेजमध्ये तेर्तुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने खेळतमाशांवर एक पुस्तिका लिहिली. ती परधर्मीयांसाठी नव्हती. खेळांना जाणाऱ्या आपल्याच बंधुभगिनींसाठी होती. ते विचारत असत, "शास्त्रात खेळ पाहू नका, असे कोठे लिहिले आहे?" तेर्तुलियनने पहिल्या स्तोत्राकडे बोट दाखवले: दुर्जनांच्या सभेत न बसणारा तो धन्य. मग त्याने स्नानसंस्काराच्या वेळी केलेल्या त्यागवचनाची आठवण करून दिली. जे करणे पाप आहे, ते पाहून सुखावणे निर्दोष कसे असेल? जे हात प्रार्थनेत देवाकडे उचलले, तेच हात अशा खेळाला टाळ्या देऊन थकवायचे काय?

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याच पुस्तिकेच्या अखेरीस हाच तेर्तुलियन, अंतिम न्यायाच्या दिवशी छळ करणारे अधिकारी अग्नीत जळताना आपण कसे हर्षाने पाहू, याचे चवीने वर्णन करतो. खेळांचा कट्टर विरोधकही मनात एक रिंगण बाळगून होता! हिंसेचे आकर्षण 'त्या' लोकांचेच असते असे मानणाऱ्याने हे पान जरूर आठवावे.

प्राचीन ख्रिस्तसभेने या बाबतीत नियमही कडक केले होते. तलवारबाज, त्यांना शिकवणारा वा या खेळांची व्यवस्था पाहणारा अधिकारी स्नानसंस्कार मागू लागला, तर त्याने आधी तो व्यवसाय सोडावा, अन्यथा त्याला परत पाठवावे, असे संत हिप्पोलितस यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'प्रेषितीय परंपरे'त नमूद आहे.

अलिपियसची गोष्ट

या विषयावरील सर्वात बोलकी साक्ष संत ऑगस्टीन यांच्या 'कबुलीजबाबा'च्या सहाव्या भागात आहे. अलिपियस हा ऑगस्टीन यांच्या तागास्ते गावचाच तरुण, त्यांचा विद्यार्थी आणि जिवलग मित्र. ऑगस्टीन इ.स. ३८३ मध्ये रोमला पोहोचले, त्यापूर्वीच हा कायद्याच्या अभ्यासासाठी तेथे गेला होता. त्याला या खेळांचा तिटकारा होता. एके दिवशी जेवून परतणारे सहाध्यायी रस्त्यात भेटले आणि त्यांनी त्याला थट्टामस्करीत ओढून नेले. शरीर न्याल, पण माझे मन आणि डोळे तुम्हाला नेता येणार नाहीत, असे त्याने बजावले. जागेवर बसल्यावर त्याने डोळे घट्ट मिटले.

कान मात्र त्याला मिटता आले नाहीत. कोणीतरी पडला आणि सारे प्रेक्षागृह गर्जले. काय झाले ते पाहावे आणि तुच्छ मानून सोडून द्यावे, एवढ्याच विचाराने त्याने डोळे उघडले. ऑगस्टीन म्हणतात, खाली पडलेल्या माणसाच्या देहाला झालेल्या जखमेपेक्षा अलिपियसच्या आत्म्याला झालेली जखम भयंकर होती. त्याने पाहिले, तो ओरडला, पेटला. आला होता तो अलिपियस उरला नाही. ज्या गर्दीत आला, तिच्यातलाच एक झाला. पुढे तो पुन्हा पुन्हा गेला, ज्यांनी त्याला ओढून आणले त्यांच्याही पुढे धावत गेला, आणि आता तो इतरांना ओढून नेऊ लागला.

अलिपियसने कोणाचा खून केला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. हिंसा पाहणारा प्रत्येक जण हिंसक कृत्य करतो असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि तसे आपण म्हणू लागलो तर मुले आपल्याला हसतील. अलिपियसची हानी वेगळी होती. त्याची दया गेली, स्वतःवरील ताबा गेला आणि तो दुसऱ्याच्या पतनाचे निमित्त बनला. कृपा अशी की, ही गोष्ट तेथेच संपली नाही. इ.स. ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत मिलान येथे संत अँब्रोज यांनी ऑगस्टीन यांच्याबरोबर त्यालाही स्नानसंस्कार दिला. पुढे तो आपल्या तागास्ते गावचा महागुरू झाला.

कायदा आणि एक संन्यासी

मग हे खेळ थांबले कसे? सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये रक्तरंजित खेळांविषयी नापसंती व्यक्त करणारा आदेश काढला आणि गुन्हेगारांना रिंगणात न पाठवता खाणींत कामास लावण्यास सांगितले. पण काही वर्षांतच त्याच सम्राटाने इटलीतील एका नगराला खेळ भरवण्यास मान्यता दिली. कायदा झाला, आवड बदलली नाही. इ.स. ३९३ मध्ये, म्हणजे साम्राज्य ख्रिस्ती झाल्यानंतरही, सिम्माकस नावाच्या सरदाराने आपल्या मुलाच्या खेळोत्सवासाठी सॅक्सन कैदी आणवले होते. त्यांपैकी २९ जणांनी रिंगणात उतरण्यापेक्षा एकमेकांचे गळे आवळून मरण पत्करले. सिम्माकसने पत्रात खेद व्यक्त केला, तो उत्सवाचा विरस झाल्याचा!

पाचव्या शतकाच्या आरंभी, सम्राट होनोरियुसच्या काळात, तेलेमाखुस नावाचा एक संन्यासी पूर्वेकडून रोमला आला. महागुरू थिओडोरेट यांनी काही दशकांनी लिहिलेल्या इतिहासात त्याची हकीकत आहे. खेळ चालू असता तो रिंगणात उतरला आणि लढणाऱ्यांना आवरू लागला. करमणुकीत विघ्न आल्याने प्रेक्षक खवळले आणि त्यांनी दगडांनी ठेचून त्याला ठार केले. हे कळल्यावर सम्राटाने तलवारबाजांचे खेळ बंद केले, असे थिओडोरेट सांगतात. ही घटना परंपरेने इ.स. ४०४ मधील मानतात. त्यानंतर या झुंजी हळूहळू नामशेष झाल्या. कलोसियममधील श्वापदांच्या शिकारी मात्र इ.स. ५२३ पर्यंत चालू होत्या.

तेलेमाखुसला तलवारबाजांनी मारले नाही. सज्जन नागरिकांनी मारले, आपल्या आसनांवर बसल्याबसल्या.

आणि सवय किती खोल जाते पाहा. जर्मनीतील ट्रिअर हे नगर शत्रूने वारंवार लुटून जाळले. प्रेते रस्त्यांत पडली असताना तेथील प्रतिष्ठितांनी सम्राटाकडे काय मागावे? रथांच्या शर्यती! धर्मगुरू सॅल्व्हियन यांनी इ.स. ४४० च्या सुमारास हे विषादाने लिहून ठेवले आहे. हे नागरिक ख्रिस्ती होते.

आपले घर, आपले आसन

विसाव्या शतकात पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, ते याच परंपरेला धरून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवरील आपल्या आदेशपत्रात प्रेक्षकाच्या निवडीलाही नैतिक जबाबदारी मानले आणि आपल्या घरात काय शिरते यावर लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे गंभीर कर्तव्य ठरवले. १९८९ साली व्हॅटिकनने अश्लीलता व माध्यमांतील हिंसा यांवर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. सतत हिंसा पाहणाऱ्या कोवळ्या मनांना ती नित्याची आणि अनुकरणीय वाटू लागते, असा इशारा त्यात आहे.

तेव्हा टीव्ही दिवाणखान्यात असे. आज रिंगण मुलाच्या तळहातात मोबाइलवर मावते. मित्रांनी ओढून न्यावे लागत नाही. एक चित्रफीत संपते तोच दुसरी पुढे येते. शिवाय, आज त्या लहानशा पडद्यावर सारेच खोटे नसते. रस्त्यावरील अपघात, जमावाने केलेली मारहाण, युद्धातील मृत्यू हे सारे खरे असते आणि आपण ते जेवता जेवता पाहतो, एकमेकांना पाठवतोही. अलिपियस निदान डोळे मिटून बसला होता.

बंदी घालून हे संपेल असे इतिहास सांगत नाही. बंदी निरर्थक आहे असेही तो सांगत नाही. नियम हवेत. पण आसने रिकामी झाल्याखेरीज रिंगण ओस पडत नाही, आणि आपल्या घरातील आसन आपल्याच अधिकारात असते.

त्या संध्याकाळी त्या मातेला मी काही उत्तर दिले नाही. आशीर्वादाची घाई होती, आणखी बरीच घरे बाकी होती. आज वाटते, चार शब्द बोलायला हवे होते. तिच्याशी नव्हे, त्या मुलाशी. त्याला रागे भरायचे नव्हते की टीव्ही बंद करायचा नव्हता. त्याच्या शेजारी बसून एवढेच विचारायचे होते, "बाळा, तो माणूस पडला, त्याला लागले असेल का रे?"

मुलाने मान वर करून काय उत्तर दिले असते, ते मला ठाऊक नाही. पण ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, त्या घरातील डोळ्यांना भागीदार करून घेणे रिंगणाला सोपे जात नाही.