अर्भकांच्या खांद्यातील मज्जातंतूंची इजा : उपचारांचा इतिहास व विटा परिसर

कठीण प्रसूतीत अर्भकाचा खांदा अडकून मान ताणली गेल्यास मज्जातंतूंना इजा होऊन हात लुळा पडतो. ड्यूशेन यांनी १८७२ मध्ये या प्रसूतिजन्य विकाराचे वर्णन केले. १८७४ मध्ये एर्ब यांनी इजेचे स्थान मानेतील पाचव्या-सहाव्या मज्जामुळांशी निश्चित केले. केनेडी यांनी १९०३ मध्ये शस्त्रक्रिया मांडली. परंतु पुढे ती मागे पडली. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये गिल्बर्ट यांनी सूक्ष्मशस्त्रक्रियेने तिचे पुनरुज्जीवन केले. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकविणारा स्नायू कार्यरत न झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, हा त्यांचा निकष होय. अनेक बालके व्यायामानेच सुधारतात. म्हणूनच वाट पाहण्याचा मोह होतो. खानापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या विट्याच्या परिसरात, त्यामुळे, न हलणारा हात आशा कार्यकर्तीने पहिल्याच गृहभेटीत ओळखणे निर्णायक ठरते.