सोडणे, सुटणे, सोडवणे

1891 च्या डिसेंबर महिन्यात इराणने तंबाखू ओढणे थांबवले. एखाद्या पंथाने किंवा एखाद्या शहराने नव्हे, जवळजवळ सगळ्या देशाने. तेहरानच्या बाजारातली तंबाखूची दुकाने बंद झाली. गल्यान, म्हणजे इराणी हुक्के, कोपऱ्यात गेले. कित्येक फोडलेही गेले. नासिरुद्दीन शहाच्या वाड्यात त्याच्या बायकांनी आणि नोकरांनीही गल्यान बाजूला ठेवले. शहाच्या पदरी तेव्हा फव्रिये नावाचे फ्रेंच डॉक्टर होते. त्यांनी आपल्या इराणातल्या तीन वर्षांच्या आठवणींत या दिवसांची नोंद करून ठेवली आहे.

यामागचे कारण आरोग्याचे नव्हते. 20 मार्च 1890 रोजी शहाने मेजर टॅलबट या इंग्रज गृहस्थाला देशातल्या तंबाखूचा मक्ता पन्नास वर्षांसाठी देऊन टाकला होता. शेतकऱ्याकडून खरेदी, बाजारातली विक्री, परदेशी निर्यात, सगळे एका कंपनीच्या हाती जाणार होते. बदल्यात शहाला दरसाल पंधरा हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा मिळायचा होता. 1891 च्या वसंतात कंपनीची माणसे देशात येऊ लागली तशी आधी शिराझला, मग तब्रीझला लोक रस्त्यावर आले. त्या सुमारास जमालुद्दीन अफगाणी यांनी सामर्रा येथे राहणाऱ्या मिर्झा हसन शिराझी या सर्वश्रेष्ठ शिया धर्मगुरूंना पत्र लिहिले. (हे अफगाणी दहा-बारा वर्षांपूर्वी हैदराबादेत आणि कलकत्त्यात राहून गेले होते.) डिसेंबरात शिराझींच्या नावाचा फतवा देशभर पोचला. आजपासून कोणत्याही रूपात तंबाखूचे सेवन करणे म्हणजे साक्षात इमामाशी युद्ध पुकारणे, असा त्याचा आशय होता.

तेहरानचे धर्मगुरू आश्तियानी यांना शहाने बजावले की लोकांसमोर गल्यान ओढा, नाहीतर शहर सोडा. ते शहर सोडायला निघाले. 4 जानेवारी 1892 रोजी लोकांनी वाड्याला गराडा घातला, गोळीबार झाला, माणसे मेली. मक्ता रद्द करावा लागला. कंपनीला पाच लाख पौंडांची भरपाई द्यायची ठरली आणि त्यासाठी इराणने पहिले परदेशी कर्ज काढले. जानेवारीच्या अखेरीस बंदी उठली आणि गल्यान पुन्हा पेटले.

इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत 1906 च्या संविधानी क्रांतीची रंगीत तालीम म्हणून येते, आणि ते बरोबरच आहे. पण मला ती गल्यान ओढणाऱ्या साध्या माणसाच्या बाजूने वाचावीशी वाटते. रोज सकाळ-संध्याकाळ ओढणारा, वर्षानुवर्षांची सवय असलेला कुणी दुकानदार. निकोटिन बंद झाले की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. हा त्रास ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे या दुकानदाराने जवळजवळ सगळा अवघड काळ पार केला होता. कशाच्या बळावर? श्रद्धा होती, राग होता, भीतीही असणार. पण त्याखेरीज आणखी एक गोष्ट होती. त्याच्या समोर कुणी ओढत नव्हते. पाहुणा आला तर गल्यान पुढे करायचा प्रश्न नव्हता. बाजारात धुराचा वास नव्हता. त्याची चिडचिड शेजारच्या दुकानदाराला समजावून सांगावी लागत नव्हती, कारण तोही तेवढाच चिडलेला होता.

अशी गोष्ट युरोपात चव्वेचाळीस वर्षे आधी होऊन गेली होती. मिलान शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि तंबाखूचा मक्ता सरकारच्या तिजोरीत भर घालत होता. 1 जानेवारी 1848 पासून मिलानच्या लोकांनी सिगार ओढायचे नाही असे ठरवले. दोन दिवसांनी ऑस्ट्रियन सैनिक मुद्दाम तोंडात सिगार घेऊन रस्त्यांवर फिरले. बाचाबाचीचे मारामारीत रूपांतर झाले आणि काही नागरिकांचा जीव गेला. मार्चमध्ये शहराने पाच दिवस लढून ऑस्ट्रियन सैन्याला बाहेर काढले, त्याची सुरुवात या विझलेल्या सिगारांपासून सांगतात. या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. जो नागरिक तरीही सिगार पेटवी, त्याची हुर्यो होई, त्याच्या तोंडातली सिगार हिसकावली जाई. तीच माणसे एकाला आधार होती आणि दुसऱ्यावर पहारा होती. सोडू पाहणाऱ्याला दोन्ही भेटतात, आणि यातले आपण काय देतो आहोत हे देणाऱ्याला बहुधा कळत नाही.

इथे मराठी क्रियापदांकडे वळतो, कारण अनुवाद करताना मी त्यांच्यापाशी नेहमी अडतो. आपण सिगरेट ओढतो. फारसीतही ती ओढतातच. तिथले क्रियापद 'कशीदन', आपल्याकडचा 'कश' त्यातूनच आला आणि धागा ओढून काढायचा 'कशिदा'ही. कन्नडमध्ये विडी 'सेदतात', विहिरीतून पाणी शेंदतात त्याच क्रियापदाने. हिंदी आणि तेलुगू माणूस ती पितो, बंगाली माणूस खातो, तमिळ माणूस धूर 'धरतो'. सुरुवातीची क्रियापदे अशी भाषागणिक निराळी. शेवटासाठी मात्र मराठीत एकाच मुळाची तीन रूपे आहेत. मी सिगरेट सोडली. माझी सिगरेट सुटली. तिने माझी सिगरेट सोडवली. पहिल्यात कर्ता मी. दुसऱ्यात कर्ता कुणीच नाही. गाठ सुटते, शाळा सुटते, तशी सवय सुटते. तिसऱ्यात कर्ता दुसराच माणूस. इंग्रजीत हे तिन्ही बहुतेकदा एकाच शब्दात उरकतात आणि तो शब्द पहिल्या रूपाचा असतो. आरोग्याच्या पत्रकांचे अनुवादही मग त्याच वळणावर जातात: निर्धार करा, सोडा.

ही पत्रके निघायला लागली ती 1950 नंतर. त्या वर्षी लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कामाच्या ओघात डॉल यांनी स्वतः सिगरेट सोडली. 1962 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा आणि 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. माहिती जगासमोर आली. माणूस शहाणा असेल तर माहिती कळल्यावर सोडील, असा या सगळ्यामागचा विश्वास होता. काहींनी सोडलीही. बाकीच्यांना माहिती होती, इच्छा होती आणि सिगरेटही होती.

याच सुमारास अमेरिकेत मॅकफारलँड नावाचे डॉक्टर आणि फोकनबर्ग नावाचे पाद्री यांनी एक साधा उपक्रम सुरू केला. दोघेही सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. पाच दिवस, रोज संध्याकाळी, सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र जमायचे. भरपूर पाणी, फळे, कॉफी बंद. आणि प्रत्येकाला एक जोडीदार. तलफ आली की त्याला फोन करायचा. हा जोडीदार तज्ज्ञ नसे. तोही त्याच तलफेत असे. तेहरानच्या बाजारात फतव्याने आपोआप घडवलेली गोष्ट इथे दोन माणसांपुरती, फोनच्या तारेवर, मुद्दाम घडवली गेली.

आपल्या देशातले या बाबतीतले सर्वांत जुने प्रसिद्ध उदाहरण राजकोटचे आहे. गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे की लहानपणी एका नातलगाबरोबर त्यांना धूम्रपानाचा नाद लागला. काकांनी टाकलेली थोटके, मग नोकराच्या खिशातले चोरलेले पैसे. मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही या वैतागातून दोघांनी जीव द्यायचेही ठरवले, आणि मग दोघांचाही धीर सुटला. त्यानंतर तो नाद दोघांनीही सोडून दिला. सुरुवात जोडीने, शेवटही जोडीने. आत्मकथेतल्या त्या प्रकरणाची चर्चा नेहमी चोरी आणि कबुलीच्या अंगाने होते; तो नातलग मात्र बिननावाचाच राहतो.

पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगरेटवर बहिष्कार आला, पण इराणसारखे काही घडले नाही. तिथे सगळी तंबाखूच परक्या कंपनीच्या हातात जात होती, म्हणून धूर थांबला. इथे तेंदूच्या पानात वळलेली विडी स्वदेशी होती. सिगरेट गेली, विडी आली, आणि भंडारा-गोंदियापासून सिन्नरपर्यंत विडीचा धंदा वाढला. सोबतीने माणूस काय सोडतो हे त्या सोबतीला काय खुपते यावर ठरते. वारकऱ्यांच्या माळेचेही तसेच. माळ घातली की दारू आणि मांस सुटते, कारण अख्ख्या गावाला, दिंडीला, एकादशीच्या भजनाला ते ठाऊक असते. पण त्याच माळकऱ्याच्या चंचीतली तंबाखू पुष्कळदा तशीच राहते, कारण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

सोबतीचा हा परिणाम मोजायचा प्रयत्न 2008 मध्ये झाला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास चालू होता. निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी त्यातल्या 12,067 माणसांची 1971 ते 2003 या काळातली नाती-मैत्री आणि धूम्रपान एकत्र मांडून पाहिले. पती किंवा पत्नीने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटत होती. मित्राने सोडली तर 36, भावंडाने सोडली तर 25 टक्क्यांनी. नुसत्या शेजाऱ्याने सोडली तर काहीच नाही. गटच्या गट एकदम सोडत होते. यावर संख्याशास्त्रज्ञांनी हरकती घेतल्या, आणि त्या रास्त आहेत: सारख्या स्वभावाची माणसे मुळातच एकत्र येतात, मग परिणाम कुणाचा कुणावर? पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. काळ जाईल तसे जे ओढतच राहिले ते नात्यांच्या जाळ्याच्या कडेला ढकलले गेले. ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याभोवतीची सोबत विरळ होत गेली.

दारूच्या बाबतीत हे आपल्याला पटलेले आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात 1935 मध्ये दोन दारुड्यांच्या भेटीतून झाली. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही उपचारात घ्यावे लागते हे महाराष्ट्राला हळूहळू कळले. सिगरेटबद्दल मात्र आपण अजून म्हणतो की मनावर घेतले तर काय अवघड आहे. आणि पुन्हा पेटवणारा माणूस हे वाक्य ऐकून गच्चीवर एकटा जातो.

बायकांचे आणखी अवघड. आपल्याकडे ओढणारी बाई घरात ते बहुधा सांगत नाही. आधार मागायचा तर आधी कबूल करावे लागते, आणि कबुलीची किंमत सवयीपेक्षा मोठी असू शकते. ती सोडते तेव्हाही कुणाला कळत नाही. तिला शाबासकी द्यायला कुणी नसते.

2018 पासून भारतातल्या सिगरेटच्या पाकिटांवर एक बिनखर्चाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. सोडायची असेल तर फोन करा. दिल्लीत ही सेवा 2016 मध्ये सुरू झाली. नंतर मुंबई, बंगळुरू आणि गुवाहाटी इथल्या केंद्रांतून आणखी भाषांची भर पडली. पलीकडचा माणूस नातलग नसतो, शेजारी नसतो; तो नाव-गाव घेऊन घरी सांगायला येणार नसतो. घरात न सांगता येणाऱ्यांसाठी हीच त्याची मोठी सोय आहे. पण त्याला भाषा मात्र यावी लागते. मी दिवसाला दहा खातो असे म्हणणारा, मी पितो म्हणणारा आणि मी ओढते म्हणणारी, या सगळ्यांना त्याने एकदाच ऐकून समजून घ्यायचे असते. त्यानंतर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करतो, आणि कशी चालली आहे म्हणून विचारतो. सोडवणे या क्रियापदात एवढेच काम आहे, आणि ते करायला इमामाचा फतवा लागत नाही.