हॉलस्टाटच्या चर्चमागे नाव लिहिलेल्या, फुलं रंगवलेल्या कवट्या का ठेवल्यात?

ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट गाव तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिलं असेल. तळं, मागे आल्प्सचे डोंगर आणि मधोमध चर्चचा उंच सुळका. हे चर्च प्रोटेस्टंट पंथाचं आहे आणि १८६३ साली पूर्ण झालं. गावातलं जुनं चर्च मात्र वर, डोंगराच्या उतारावर आहे. ते कॅथलिक पंथाचं. तिथे पायऱ्या चढून जावं लागतं, त्यामुळे बरेच पर्यटक खालूनच फोटो काढून परत फिरतात.

पण या गावाची खरी गोष्ट वरच आहे. जुन्या चर्चमध्ये लिओनहार्ड आस्टल या कारागिराच्या नावाने ओळखली जाणारी, पाचशे वर्षांपूर्वीची लाकडी कोरीव वेदी आहे. बाहेर छोटंसं कब्रस्तान आणि त्याला लागून सेंट मायकेलचं चॅपेल. या चॅपेलच्या तळघरात सुमारे १२०० कवट्या रचून ठेवल्या आहेत आणि त्यातल्या सहाशेहून जास्त रंगवलेल्या आहेत.

असं का? तर कारण आहे जागेचं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला डोंगर. मिठाच्या खाणींवर जगणाऱ्या या गावाला घरं बांधायलाच सपाट जमीन कमी, मग कब्रस्तान वाढवणार कुठे? त्यात कॅथलिक चर्चने १९६३ पर्यंत दहनाला परवानगी दिली नव्हती. म्हणून काही वर्षांनी जुनी कबर उघडायची, अस्थी बाहेर काढायच्या आणि तीच जागा पुढच्या माणसाला द्यायची, अशी पद्धत पडली.

बाहेर काढलेली कवटी स्वच्छ करून उघड्यावर वाळवायचे. ती पांढरी पडली की कपाळावर माणसाचं नाव लिहायचं आणि भोवती गुलाब, आयव्हीचा वेल किंवा ओकची पानं रंगवायची. एकाच घरातल्या कवट्या शेजारी शेजारी ठेवायच्या. कबर गेली तरी माणसाची ओळख राहावी, एवढाच यामागचा हेतू. पुढे दहन रुळलं आणि ही गरज संपली. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली. १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईंची ती इच्छा होती.

त्यामुळे हे काही भुताखेताचं ठिकाण नाही. यातल्या अनेकांचे वंशज आजही याच गावात राहत असतील. गावाची लोकसंख्या हजारही नाही आणि पर्यटक मात्र रोज हजारोंनी येतात. २०२३ मध्ये सेल्फीच्या गर्दीला कंटाळून गावाने तळ्याच्या बाजूला लाकडी कुंपण घातलं होतं. टीका झाल्यावर ते काढावं लागलं.

तुम्ही कधी गेलात, तर पायऱ्या चढून वर नक्की जा. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, कबरींवर पाय देऊ नका आणि फोटो काढण्याआधी तिथली पाटी वाचा. मोबाईल खिशात ठेवून कपाळावरची दोन-चार नावं वाचलीत, तरी ती लिहिणाऱ्यांचा हेतू पूर्ण होईल.